काकूंचं मन ओळखणारं घर

मला राग आला की कूलर आपोआप सुरू व्हायचा, अशा घरात मी भाड्याने राहिले आहे. खोटं वाटत असेल तर परळीला जाऊन आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, विचारा. ते तुम्हाला चहा पाजतील, खुर्चीत बसवतील, चार शब्द बोलायला लावतील आणि तुमचं मन कसं वर-खाली होतंय ते दारावरच्या दिव्यात दाखवतील. तुम्हाला उशीर होतोय आणि तुमची बस निघून चाललीय, हे मात्र त्यांना कळणार नाही. काकांचं सगळं असंच होतं.

मी तेव्हा तिथल्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला नवीनच लागले होते. खोली बघायला गेले तर हा उंच, वाळका माणूस स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर दिवा बसवत होता. मला वरूनच म्हणाला, "राग लवकर येतो का हो तुमाला?"

मी उन्हातान्हात चार घरं पालथी घालून आले होते. म्हटलं, "आत्ता यायलाच लागलाय."

माणूस एवढा खूश झाला की स्टुलावरून पडता पडता वाचला. आत तोंड करून ओरडला, "आगं, ऐकलंस का? ह्या मॅडम लई कामाच्या हायत! वरची खोली ह्यांनाच द्यायची." भाडं नाही विचारलं, पाणी किती वेळ येतं ते नाही सांगितलं. घरात ते आणि काकू असे दोघंच, आणि काकू काही केल्या त्यांच्या प्रयोगाला दाद देईनात. त्यांना चाचणीसाठी एक तापट माणूस हवं होतं, ते मी सापडले.

काका थर्मलमधून, म्हणजे इथल्या वीज केंद्रातून, रिटायर झालेले. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये काटे आणि दिवे बघण्यात गेली. ती सवय अंगात इतकी मुरलेली की रिटायर झाल्यावरही दर आठवड्याला त्यांची पाळी बदलायची. या आठवड्यात पहाटे जेवणार, पुढच्या आठवड्यात दुपारी झोपणार. काकू बिचाऱ्या त्याप्रमाणे भाकरी थापायच्या. काका बाजारात निघाले की मला जिन्यात गाठून म्हणायचे, "मॅडम, चार्ज घ्या. किचन नॉर्मल, हॉल नॉर्मल. टाकी भरायलीय, नजर ठेवा." आले की आधी विचारायचे, "काय विशेष?" पाच मिनिटांत दूध घेऊन परतलेल्या माणसाला मी काय विशेष सांगणार, कपाळ!

आणि दिवसातून दोनदा फडकं घेऊन घरभर फिरायचे. परळीत थर्मलची राख कशावर बसत नाही? अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर बसते. काकांच्या दिव्यांवर, कॅमेऱ्यांवर, माइकवरही बसायची. ते एकेक पुसायचे, लहान लेकराचं नाक पुसावं तसे.

तर हे सगळं कशासाठी? त्याची गोष्ट काकूंनीच मला मेथी निवडता निवडता सांगितली.

रिटायरमेंटचा कार्यक्रम होता. हार, शाल, नारळ झालं. कुणीतरी हौसेनं माइक काकूंच्या हातात दिला, "वहिनी, दोन शब्द बोला." काकू जन्मात माइकवर बोललेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "माणूस चांगलं हाय. कधी वाकडं बोलले न्हाईत, पेले न्हाईत. पर मला काय वाटतं, ते ह्यांना कधी कळलं न्हाई."

लोक खो खो हसले. टाळ्याही झाल्या. काका मात्र हसले नाहीत. घरी येऊन शाल न काढता त्यांनी विचारलं, "काय कळलं न्हाई मला?" काकू म्हणाल्या, "काय न्हाई." दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच उत्तर. आठवडाभर विचारलं. मग काकांनी विचारणं सोडलं आणि वायरी ओढायला घेतल्या.

"मॅडम," मला ते एकदा म्हणाले होते, "एवढ्या मोठ्या बॉयलरला आत काय हुतंय ते मला बाहीर बसून कळायचं. अन् घरातल्या माणसाचं कळू नये? मरायच्या आत मला तिचं मन कळलं पायजे. बास, दुसरं काय न्हाई पायजे." असं म्हणताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मी पुढची थट्टा गिळून टाकली.

म्हणून ते घर. प्रत्येक दारावर दिवा. मन शांत असलं की हिरवा, अस्वस्थ असलं की पिवळा, रागावलं की लाल. दिव्यामागे माइक आणि कॅमेरा. लाल झाला की कूलर सुरू, खिडकीचे पडदे बंद, आणि स्पीकरमधून एक बाई गोड पुणेरी आवाजात म्हणायची, "कृपया दीर्घ श्वास घ्या." काकूंनी तिचं नाव भवानी ठेवलं होतं. भाजीवाल्याशी घासाघीस ऐन रंगात आली की भवानी मध्येच बोलायची आणि काकू उसळायच्या, "तू कोण गं मला सांगणारी? माझ्याच घरात मला श्वास घ्यायला शिकिवती!" दिवा आणखी लाल, कूलर आणखी जोरात. भाजीवाला पाटी डोक्यावर घेऊन पळायचा. लाईट गेली की काकू हात जोडून म्हणायच्या, "आता घर माझं."

माझ्या खोलीतही दिवा होता. पेपर तपासताना तो कायम लाल असायचा आणि ऐन थंडीत माझ्या डोक्यावर कूलर सुरू व्हायचा. शेवटी मी त्यावर टॉवेल टाकला. काका खालून ओरडले, "मॅडम, तुमचं मन दिसंना गेलं की!"

घराला हे ज्ञान आपोआप आलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी काका फोन घेऊन हॉलमध्ये बसायचे. दिवसभरात टिपलेले काकूंच्या आवाजाचे तुकडे एकेक करून ऐकायचे आणि प्रत्येकाखाली लिहायचे, हा राग, हा आनंद, हे समाधान. घराला शिकवणं म्हणायचे त्याला. मास्तर मात्र स्वतःच नापास झालेला, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं, पण कोण कशाला बघायला जातंय? मला वाटायचं, असेल काहीतरी यंत्राचं शास्त्र.

शंकेची पाल चुकचुकली ती काकूंचे धाकटे भाऊ धारूरहून आले त्या दिवशी. आमच्याकडचं प्रेम हळू आवाजात करता येत नाही. ते फाटकातूनच गर्जले, "काय दाजी! जित्ते हाव का न्हाई? आन् ताये, तू कावून वाळलीस गं? हा म्हातारा जेवू घालंना का तुला?" काकू आतून तेवढ्याच जोरात, "आला का रे मुडद्या! सा म्हैने झाले, बहीण मेली का जगली बघायला आला न्हाईस!" आणि दोघं बहीणभाऊ हसत, ओरडत एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायला लागले. घर लालेलाल झालं. पडदे फर्रकन बंद. कूलरचं पाणी पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर. भवानी म्हणाली, "कृपया दीर्घ श्वास घ्या."

"कोण हाय बे?" पाहुणे भिंतीवर धावून गेले.

काका धावपळ करत कूलर बंद करत होते आणि मला म्हणत होते, "बगा, बगा, भांडण कसं वळखलं!"

"काका, हे भांडण नाही," मी म्हटलं. "हे प्रेम आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलले. मग हसले. "तुमी गणिताच्या हाव, मॅडम. तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं."

त्यानंतर काही महिन्यांनी समोरची अक्का पुण्याला गेली. अक्का म्हणजे काकूंची रोजची दुपार. काम आवरलं की दोघी अंगणातल्या बाजेवर बसायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या घरी काय शिजलं, मधूनच गाण्याची एखादी ओळ, मधूनच एखादं कडाक्याचं भांडण. मुलाने अक्काला कायमचं नेलं. घराला कुलूप लागलं. काकूंनी तिला निरोप दिला, आत आल्या, भांडी घासली आणि त्या दिवसापासून बोलायच्या बंद झाल्या.

भाजीवाल्याने सांगितलेला भाव त्या मुकाट द्यायला लागल्या. माझ्याशी हो-नाही एवढंच. दुपारी बाजेवर एकट्या बसून कुलपाकडे बघायच्या. माझ्या जिवाला ते बघवायचं नाही. मी वरून खाली जाऊन उगाच काहीबाही विचारायची, काकू हसल्यासारखं करायच्या.

आणि घर? घर हिरवंगार! सकाळपासून रात्रीपर्यंत खालचा एकही दिवा पिवळा नाही की लाल नाही. काकांना आनंद मावेना. थर्मलमध्ये अपघात न झालेल्या दिवसांचा फलक असतो ना, तसा एक काळा फलक त्यांनी हॉलमध्ये लावला. वर सुबक अक्षरांत, 'या घरात राग न आलेले दिवस', आणि खाली रोज सकाळी खडूने आकडा वाढवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढा द्यायचे. "घर सुखी झालं बगा. तुमची काकू आता समाधानात हाय." काकू चहाचा ट्रे घेऊन त्या फलकाखालून जायच्या. एकदा मी त्यांना त्या आकड्याकडे बघत उभं राहिलेलं पाहिलं. चेहरा असा होता की मीच दुसरीकडे बघितलं.

नागपंचमी जवळ आली होती. एका सकाळी काकूंनी पिशवी भरली, भाकरी झाकून ठेवली आणि काकांना म्हणाल्या, "भावाकडं जाते." काका म्हणाले, "जा की." त्या गेल्या. मी शाळेतून आले तेव्हा काका फलकावर नवा आकडा लिहीत होते.

"काकू कधी येणार?"

"इचारलं न्हाई. पर खुशीत गेली, मॅडम. दारातून बाहीर पडली तवा दिवा हिरवा हुता."

माझा तोल गेला. माझ्या तोंडाला तसाही लगाम नाही. म्हटलं, "त्या दिव्याला काय कळतंय, डोंबल! तुम्हीच शिकवलंत ना त्याला? दाखवा बघू काय शिकवलंत." त्यांनी फोन उघडून दाखवला. काकूंच्या गप्प बसण्याचे तुकडे. नुसता पंख्याचा आवाज, बांगडी वाजल्याचा आवाज, एक सुस्कारा. प्रत्येकाखाली काकांनी लिहिलं होतं, समाधान. समाधान. समाधान.

"काका, बाई गप्प बसली म्हणजे समाधानात आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? अक्का गेल्यापासून त्या झुरताहेत. ओरडत होत्या तेव्हा सुखात होत्या. तुम्ही सगळं उलटं शिकवलंय घराला. आणि वर तो फलक लावलाय! मी त्यांच्या जागी असते तर कधीच गेले असते."

माझ्या आवाजाने दिवा लाल झाला, भवानी श्वास घ्यायला सांगू लागली. काकांनी उठून तिची वायर ओढली. मग ते खडू हातात धरूनच खाली बसले. "म्हंजे," ते म्हणाले, "लग्नापासून... मीबी असंच समजत आलो." मग घाबऱ्या आवाजात विचारलं, "ती येणार न्हाई का आता?"

मलाही तीच भीती होती.

रविवारी आम्ही धारूरला गेलो. मला सोबत घेतलं, कारण एकटं जायचा त्यांना धीर नव्हता. घाट चढताना बस गच्च भरलेली, माहेराला निघालेल्या लेकी, मेंदी, पिशव्या, कल्ला. काका दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसले होते.

मेव्हण्यांच्या फाटकाशी पोहोचलो आणि आतून काकूंचा आवाज आला. काय आवाज तो! लाह्या नीट फुटल्या नाहीत म्हणून भावजयीला झाडत होत्या, भाचीला झोक्यावर उभी राहिली म्हणून शिव्या देत होत्या, स्वतःच हसत होत्या. अक्का गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. काका फाटकाची कडी धरून थबकले.

"राग हाय का हो ह्यो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही काका."

ते ऐकत राहिले. मग कडी काढून आत गेले. काकूंनी मान वळवून पाहिलं, आणि त्यांचा आवाज थांबला. एका क्षणात. हातातलं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, गप्प झाल्या. अंगणात नुसता झोक्याचा करकर आवाज राहिला. काकांनी ते पाहिलं. मला त्या माणसाची अशी दया आली की वाटलं, कशाला आणलं मी ह्यांना इथं.

ते तिथेच पायरीवर बसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आगं, तू गप बसलीस की मला वाटायचं तू सुखात हाईस. मशीनलाबी त्येच शिकिवलं मी."

काकू बघतच राहिल्या. "इतकी वर्सं?"

"हौ."

काकूंनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. मग खरंच रडल्या. भावजय पाणी आणायला पळाली. काकांनी विचारलं, "मंग येतीस का घरी?"

"बघते," काकू म्हणाल्या. बास, एवढंच.

परतताना काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी आत गेलो अन् तिचा आवाज बंद पडला, मॅडम. आज दिसलं मला ते. रोजच बंद पडत आसंल."

पुढचे दिवस वाईट गेले. फलक त्यांनी स्वतःच उतरवला. पाळ्या बंद झाल्या, कारण कुठल्याच वेळेला जेवावंसं वाटेना. मी वरण-भात नेऊन द्यायची, ते दोन घास खायचे. "फोन लावा ना काकूंना," मी म्हणायची. ते फोन हातात घ्यायचे, परत ठेवायचे. "काय बोलू? परत काय उलटं समजलो तर?" पंचमी झाली. काकू आल्या नाहीत. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मला शाळेत लक्ष लागेना, मुलींवर विनाकारण खेकसले.

मग एका संध्याकाळी फाटक वाजलं. काकू पिशवी घेऊन उभ्या. काका उठले, पण पुढे जायचं की नाही ते न कळून टेबलाला धरून राहिले. काकूंनी चपला काढल्या, पाय धुतले, सगळं घर नजरेखालून घातलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"ती भवानी बंदच ठिवायची," त्या म्हणाल्या. "अन् घराला शिकवायचंच आसंल तर आता मी शिकवते. आणा तो फोन. मॅडम, तुमीबी बसा. ह्यांना एकट्याला कळायचं न्हाई."

आम्ही तिघं बसलो. काका एकेक तुकडा लावायचे, काकू सांगायच्या, ते खोडून पुन्हा लिहायचे. भाजीवाल्याशी भांडण लागलं. "ह्यो राग न्हाई. मेथी चांगली मिळाली म्हनून बोलायले मी." भावाचं आगमन लागलं. "हे सुख हाय. लिवा मोठ्या अक्षरात." माझं पेपर तपासतानाचं ओरडणं लागलं. "ह्यांना भूक लागलीय. जेवायला बोलवायचं." मी हसले, काकाही हसले. मग अक्का गेली त्या दुपारचा तुकडा लागला, नुसता पंखा. काकांनी समाधान हा शब्द खोडला आणि बायकोच्या तोंडाकडे बघत थांबले. काकू म्हणाल्या, "लिवा, करमत न्हाई." त्यांनी लिहिलं.

पुढचा तुकडा लागला. त्यात डबे उघडझाप केल्याचा आवाज होता. मग नळ. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

"हे कोण?" काकूंनी विचारलं.

"मीच हाय," काका म्हणाले. "तू नव्हतीस तवाचं."

घराने त्या तुकड्याखाली आपल्याआपण लिहून टाकलं होतं, समाधान. पुढच्या तुकड्याखालीही तेच. त्याच्या पुढच्याही. काकूंनी फोन आपल्या हातात घेतला. त्या माणसाला काय वाटतं, हे त्या घरात बहुधा कुणीच कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"बोला की," काकू म्हणाल्या. "ह्येला काय लिवू?"

काकांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, परत लावला. कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, भिंतीकडे बघत म्हणाला, "लिव, भ्यालो हुतो. तू येतच न्हाईस आता, आसं वाटलं. लई भ्यालो हुतो मी."

"मंग एक फोन करायला हात मोडलते का तुमचे?" काकू एवढ्या जोराने ओरडल्या की मी दचकले. "रोज वाट बघत बसले मी तिथं! दारात बसून! भावजय म्हनली, ताई, जेवा तरी!"

आणि पुढे बरंच काही बोलल्या. लग्नापासूनचं सगळं. मी हळूच उठून जिना चढले, तरी दोघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. खालून बराच वेळ काकूंचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि मध्ये मध्ये काकांचा आवाज, "आसं हुतं का? बरं. आजून सांग."